इन्व्हर्टरची बॅटरी खरंच गेली का? घरच्या घरी टेस्ट करायची सविस्तर पद्धत

मे महिन्यात चाळीसगावहून मामांचा फोन आला. "अरे, बॅटरी गेली बघ. लाईट गेली की दहा मिनिटांत इन्व्हर्टर बोंबलायला लागतो. दुकानवाला बघून गेला, म्हणतो सेल डेड झालाय, नवीन टाका." मी विचारलं त्याने बघितलं काय नेमकं, तर म्हणे चिमट्याचं मीटर (टर्मिनलला धरून क्षणभर मोठा करंट ओढणारं) लावलं, काटा लाल पट्ट्यात गेला, संपलं. बॅटरी १५० एएचची (ॲम्पियर गुणिले तास, म्हणजे साठ्याचं माप) टॉल ट्युब्युलर, म्हणजे नळीदार प्लेटची उंच बॅटरी, चार वर्षं झालेली. म्हटलं मामा थांबा, शनिवारी येतो, तोपर्यंत कुणाला ॲडव्हान्स देऊ नका.

ती बॅटरी अजून तिथेच चालू आहे. पण माझ्या स्वतःच्या घरी बरोबर उलटं झालं होतं, मीटरवर मस्त १२.६ वोल्ट दिसायचे, इन्व्हर्टरवर हिरवा दिवा, आणि दोन पंखे लावले की थोड्याच वेळात अंधार. म्हणजे एक बॅटरी मेलेली दिसत होती ती जिवंत निघाली आणि दुसरी धडधाकट दिसत होती ती आतून संपलेली. त्या तीन दिवसांत मामांकडे जे जे केलं ते इथे क्रमाने लिहितोय, साध्या पाणी टाकायच्या लेड ॲसिड बॅटरीसाठी, बाकीच्यांचं शेवटी थोडक्यात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

वोल्ट म्हणजे क्षमता नाही. धरणात गाळ भरला तरी भिंतीवरची पातळीची पट्टी तेच दाखवते, पाणी मात्र निम्मंच असतं. बॅटरीचं तसंच आहे, वोल्ट म्हणजे पातळी आणि एएच म्हणजे साठा. चार-पाच वर्षांत प्लेटवरचा मसाला झडतो, काही भागावर सल्फेट कडक होऊन बसतं, तेवढी जागा कायमची गेली. उरलेला भाग मात्र फुल चार्ज होतो आणि वोल्ट पूर्ण दाखवतो.

म्हणून तीन वेगळे प्रश्न विचारायचे. आत्ता चार्ज किती आहे? फुल चार्ज केल्यावर एकूण किती एएच देते? आणि करंट ओढला की वोल्ट किती दबतात? दुकानातला चिमटा फक्त तिसऱ्याचं उत्तर देतो, तेही बॅटरी चार्ज असेल तर.

सामान काय लागेल

डिजिटल मल्टीमीटर, साधा चालेल पण दोन दशांश दाखवणारा हवा. हायड्रोमीटर, बॅटरीच्या किंवा ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो, काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारा काटा. काट्यावर नुसते लाल-हिरवे पट्टे असलेला घेऊ नका, आकडे असलेला घ्या. डीसी क्लॅम्प मीटर असेल तर उत्तम, फक्त घेताना नीट बघा, कारण स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात आणि बॅटरीच्या वायरला लावले की शून्य दाखवतात. आणि मल्टीमीटर ॲम्पियरवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना कधीही लावू नका, ते सरळ शॉर्ट सर्किट आहे, मीटर तरी जाईल नाहीतर हात तरी भाजेल.

लोड म्हणून मी वापरतो गाडीच्या हेडलाईटचे एच ४ बल्ब, १२ वोल्ट ६०/५५ वॅटचे. यात एक गंमत आहे, गॅरेजवाले जे बल्ब फेकतात त्यात बहुतेक वेळा डिपरची फिलामेंट उडालेली असते आणि अपरची चांगली असते, मागितले की फुकट देतात. ६० वॅटची फिलामेंट १२ वोल्टवर साधारण ५ ॲम्पियर घेते, तीन बल्ब पॅरलल जोडले की १५ ॲम्पियर. होल्डर उष्णता सहन करणारे घ्या, वायर जाड, निदान ४ स्क्वेअर एमएमची, आणि मध्ये २० ॲम्पियरचा फ्यूज. बल्ब भयंकर तापतात, मी ते एका जुन्या पत्र्याच्या ट्रेवर मांडतो.

बाकी चष्मा किंवा गॉगल, रबरी हातमोजे, एक बादली पाणी, खाण्याचा सोडा, वही-पेन.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. खिडकी उघडी, देव्हाऱ्यातला दिवा विझवलेला, विडी-सिगरेट बाहेर. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, पाना आणि टर्मिनलच्या मध्ये अंगठी आली तर ती लालभडक व्हायला दोन सेकंद लागत नाहीत. वायर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह. ॲसिड डोळ्यात उडालं तर सोडाबिडा काही नाही, नुसत्या साध्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धूत राहायचं आणि डॉक्टर गाठायचा. सोडा फक्त फरशी आणि टर्मिनलसाठी.

पहिला दिवस: नुसतं बघणं, आणि तिथेच अर्धी केस सुटली

मीटर काढायच्या आधी पाच मिनिटं बॅटरीसमोर उकिडवं बसा. बाजू फुगल्यात का, टर्मिनलच्या मुळाशी तडा आहे का, वरचं झाकण ओलं आहे का, कुठल्या एका सेलचं (बॅटरीतल्या सहा कप्प्यांपैकी एकाचं) पाणी बाकीच्यांपेक्षा फार खाली गेलंय का. हे शेवटचं महत्त्वाचं, जो सेल एकटाच जास्त पाणी पितो त्याच्याकडे आधी संशयाने बघायचं.

मामांच्या बॅटरीला पॉझिटिव्हवर हिरवट पांढरा खार इतका चढला होता की लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, दिसतच नव्हता. तसाच ठेवला, पुसला नाही, कारण आधी मोजायचं होतं. इन्व्हर्टरवर घरातले पंखे, टीव्ही, मिक्सर सगळं मिळून चारेकशे वॅटचा लोड टाकला आणि मीटरची एक पिन टर्मिनलच्या शिशाच्या खुंट्यावर टोचून धरली, दुसरी वायरच्या लगवर. ह्या दोन गोष्टी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, त्यांच्यात वोल्ट दिसायलाच नको, फार तर काही मिलीवोल्ट. दिसले ०.७! लगला हात लावला तर चांगला गरम.

आता याचा अर्थ बघा. बॅटरी ११.९ देतेय तेव्हा इन्व्हर्टरला ११.२ दिसतात, तो बिचारा बॅटरी संपली समजून लवकर बंद पडतो. चार्जिंगला उलटं होतं, चार्जरला आपल्या टोकाशी वोल्ट लवकर चढलेले दिसतात, त्याला वाटतं झाली फुल, आणि तो करंट कमी करून टाकतो. म्हणजे बॅटरी रोज अर्धपोटी. दुकानवाल्याने त्या अर्धपोटी बॅटरीला चिमटा लावला, तोही बहुतेक त्या खारावरच, काटा लाल पट्ट्यातच जाणार होता.

तुम्हीही ही टेस्ट सगळ्यात आधी करा, दोन्ही टर्मिनलवर. ०.१ वोल्टच्या वर दिसलं तर पुढची कुठलीही टेस्ट करण्यात अर्थ नाही, आधी साफ करा. इन्व्हर्टर बंद, वायरी काढा, सोड्याचं पाणी टाका, फसफस थांबेपर्यंत जुन्या टूथब्रशने घासा (वेंट प्लग, म्हणजे सेलची झाकणं, घट्ट लावून, सोडा सेलमध्ये गेला तर ॲसिड मरतं), साध्या पाण्याने पुसा, पॉलिश पेपर मारा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली. ग्रीस आधी लावून मग लग बसवणारे लोक मी पाहिलेत, तसं नको, धातूला धातू भिडला पाहिजे.

पाणी आणि पूर्ण चार्ज

टेस्ट कायम फुल चार्ज बॅटरीवरच करायची, नाहीतर आपण बॅटरीची क्षमता न मोजता चार्जरचा आळस मोजत बसतो. प्लेट उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील इतकंच डिस्टिल वॉटर टाका, वरच्या खुणेपर्यंत चार्ज झाल्यावर. आधीच गच्च भरलं तर चार्ज होताना फुगून बाहेर येतं आणि त्याबरोबर ॲसिडही जातं. आरओचं पाणी, एसीचं पाणी, पावसाचं पाणी हे सगळे प्रयोग लोक करतात. डिस्टिल वॉटरचा कॅन फार महाग नसतो, तो घ्या. आणि ॲसिड तर अजिबात टाकू नका, त्याचं पुढे सांगतो.

१५० एएचला इन्व्हर्टर साधारण १५ ॲम्पियरने चार्ज करतो. वोल्ट १४.४ च्या आसपास पोचून स्थिर झाले, सगळ्या सेलमधून सारखे बुडबुडे येतायत आणि ग्रॅव्हिटी (आतला द्राव किती जड ते, कशी मोजायची ते पुढे येतंय) दर तासाला घेतली तर तीन वेळा तेवढीच आली, म्हणजे फुल. मामांच्या बॅटरीला याला जवळपास पूर्ण दिवस लागला, कारण ती कित्येक महिने उपाशी होती. मी एक दिवसासाठी गेलो होतो, तीन दिवस राहिलो, मामींनी रस-पोळीचं जेवण केलं, त्यामुळे तक्रार नाही.

चार्जिंगवरून काढल्यावर बॅटरीला निवांत सोडा, निदान चार-पाच तास, रात्रभर सोडली तर उत्तम. चार्जिंगनंतर लगेच १३ च्या वर दिसणारे वोल्ट वरवरचे असतात, त्यांना बघून खूश व्हायचं नाही.

ग्रॅव्हिटी, म्हणजे बॅटरीची नाडी

मला विचाराल तर एकच वस्तू घ्यायची ऐपत असेल तर मल्टीमीटर सोडून हायड्रोमीटर घ्या. कारण मल्टीमीटर सहा सेलची बेरीज सांगतो, हायड्रोमीटर एकेकाची कुंडली काढतो.

तत्त्व सोपं आहे. बॅटरी डिस्चार्ज होते तेव्हा सल्फ्युरिक ॲसिडमधलं सल्फेट प्लेटवर जाऊन बसतं आणि मागे पाणी तयार होतं, द्राव हलका होतो. चार्ज केलं की उलटं. म्हणून द्राव किती जड ते मोजलं की चार्ज किती ते कळतं.

हात कसा ठेवायचा ते सांगतो कारण चुका तिथेच होतात. फुगा दाबून नळी सेलमध्ये बुडवा, हळू सोडा, काटा तरंगेल इतकंच द्रावण घ्या. दोनदा आत सोडून परत ओढा, म्हणजे काटा त्या तापमानाला येतो. नळी सरळ उभी, काटा काचेला चिकटलेला नको, डोळे द्रावाच्या रेषेत. वाचलं की द्रावण त्याच सेलमध्ये परत. दुसऱ्यात टाकलंत तर पुढच्या वेळेपासून सगळे आकडे खोटे. पॉझिटिव्हकडून सेलला १ ते ६ नंबर द्या आणि वहीत लिहा.

तापमानाचा हिशोब, आपल्याकडे लेबलवरचे आकडे साधारण २७ अंशाला असतात. प्रत्येक अंश जास्त असेल तर वाचनात ०.०००७ मिळवायचे, कमी असेल तर वजा. मामांकडे ॲसिड ३६ अंश होतं, म्हणजे नऊ अंशांचे ०.००६ मिळवले, १.२३४ वाचलं ते खरं १.२४०. खानदेश, विदर्भाच्या उन्हाळ्यात हे सोडून चालत नाही.

इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीला फुल चार्ज म्हणजे बहुतेक १.२४० च्या आसपास, गाडीच्या बॅटरीला त्याहून जास्त, १.२६ ते १.२८. लोक गाडीचा आकडा इन्व्हर्टरला लावतात आणि चांगली बॅटरी मोडीत काढतात. लेबल वाचा.

आता माझी आवडती युक्ती. सेलच्या ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवले की त्या सेलचे आरामातले वोल्ट येतात. १.२४० ला २.०८, सहा सेल म्हणजे १२.४८. म्हणजे ट्युब्युलर बॅटरी फुल असताना १२.५ दाखवते आणि ते बरोबर आहे, १२.७ ची वाट बघू नका. १.२१० ला १२.३०, १.१८० ला १२.१२, १.१५० ला ११.९४ आणि १.१२० ला ११.७६, म्हणजे जवळपास रिकामी. आता सहाही सेलचा हिशोब करून बेरीज करा आणि मल्टीमीटरशी ताडून बघा. जुळलं तर ठीक. मीटरचे वोल्ट जास्त आणि ग्रॅव्हिटी कमी आली तर एक तर आराम पुरेसा झाला नाही, किंवा उंच बॅटरीत जड ॲसिड तळाला बसलंय आणि तुमची नळी वरचं पातळ ओढतेय. मग अजून काही तास सावकाश चार्ज देऊन बुडबुड्यांनी ढवळू द्या.

मामांच्या बॅटरीचं वाचन असं होतं. शनिवारी गेल्या गेल्या सगळे सेल १.१७० च्या आगेमागे, मीटरवर १२.०५. सगळे सारखेच खाली, म्हणजे सेल डेड वगैरे काही नाही, सगळी भावंडं सारखीच उपाशी. चार्ज आणि आरामानंतर पाच सेल १.२३५ ते १.२४०, चौथा १.२२५, मीटरवर १२.४७. चौथा थोडा मागे आहे, पण चालतं. सेलमधला फरक ०.०२५ पर्यंत मी सोडून देतो. ०.०५० च्या वर गेला आणि जादा चार्ज देऊनही भरून येत नाही तर तो सेल गेला समजा. आणि आरामात मीटर १०.५ च्या आसपास अडकून बसलं, कितीही चार्ज करा, तर एक सेल पूर्ण शॉर्ट आहे, पुढची टेस्टच नको.

ॲसिडचं राहिलं. काही ठिकाणी बॅटरी "रिपेअर" करून देताना सेलमध्ये ॲसिड ओततात. ग्रॅव्हिटी झटक्यात १.२५० दिसते, गिऱ्हाईक खूश, पण प्लेट तितक्याच मेलेल्या, उलट जास्त तिखट ॲसिडने लवकर खाल्ल्या जातात. ही लबाडी हायड्रोमीटरला कळत नाही, मल्टीमीटरलाही कळत नाही. ती कळते फक्त पुढच्या टेस्टमध्ये.

खरी परीक्षा: बल्ब लावून एएच मोजणं

लेबलवर १५० एएच लिहिलंय त्याच्या शेजारी बहुतेक सी २० असं असतं. म्हणजे ७.५ ॲम्पियरने वीस तास, वोल्ट १०.५ ला येईपर्यंत. करंट वाढवला की तीच बॅटरी कमी एएच देते, हा दोष नाही, स्वभाव आहे. १५ ॲम्पियरने काढलं तर नव्या १५० च्या बॅटरीकडून साधारण १२० ते १२५ एएचची अपेक्षा ठेवायची, आणि थांबायचं १०.८ वोल्टला. म्हणजे नवी असती तर आठ तासांच्या थोडं वर. सोलरवाल्या बॅटरीवर सी १० लिहिलेलं असतं, तिथे लेबलचा आकडाच १५ ॲम्पियरचा असतो, ह्यात गोंधळ करू नका, नाहीतर चांगल्या बॅटरीला नापास कराल.

आम्ही सोमवारी सकाळी दहाला सुरू केलं. इन्व्हर्टर पूर्ण सोडवला, तीन बल्ब जोडले, मीटरच्या पिना थेट बॅटरीच्या खुंट्यांवर, बल्बच्या वायरवर नाही. पहिल्या काही मिनिटांत वोल्ट थोडे जास्तच दबतात आणि मग जरा सावरतात, घाबरू नका. वहीत असं उतरलं:

१०.०५ — १२.३० वोल्ट, १४.९ ॲम्पियर
११.०० — १२.२२
१२.०० — १२.१२
१.०० — १२.०२
२.०० — ११.९०, १४.५ ॲम्पियर
३.०० — ११.७६
४.०० — ११.५७
५.०० — ११.१५
५.२० — १०.८०, बल्ब बंद

दोन वाजता लाईट गेली. इन्व्हर्टर सोडवलेला. बाहेर बेचाळीस डिग्री, घरात एक पंखा नाही आणि हॉलमध्ये भर दुपारी गाडीचे तीन हेडलाईट ढणाढणा पेटलेले. मामी म्हणाल्या, "तुझी बॅटरी पास झाली तरी तू नापास." टेस्टचा दिवस निवडताना लोडशेडिंगचं वेळापत्रक बघा.

हिशोब: सात तास वीस मिनिटं म्हणजे ७.३३ तास, सरासरी करंट १४.४, गुणाकार १०५.६. म्हणजे १०६ एएच. नव्याकडून १२५ धरली तरी ८५ टक्के. चार वर्षांच्या, महिनोन्महिने उपाशी राहिलेल्या बॅटरीला हे फर्स्ट क्लास आहे. उन्हाळ्यात आकडा थोडा जास्त येतो आणि थंडीत कमी, म्हणून पुढची टेस्ट त्याच मोसमात करायला सांगितलंय.

या यादीत अजून एक वाचायची गोष्ट आहे. वोल्ट दर तासाला सावकाश पायऱ्या उतरतायत आणि शेवटी कड्यावरून पडल्यासारखे, हे निरोगी बॅटरीचं लक्षण. माझ्या घरच्या त्या दिखाऊ बॅटरीचं याच टेस्टला काय झालं होतं, सुरुवातीलाच ११.८, तासाभरात ११.२ आणि पावणेदोन तासांत १०.८. जेमतेम २५ एएच. मध्येच एकदम दीड-दोन वोल्टची उडी खाली आली तर समजा एक सेल बाकीच्यांआधी संपला. त्या क्षणी बल्ब चालू असतानाच प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी घ्या, चोर सापडू शकतो.

टेस्ट संपली की त्याच मिनिटाला चार्जिंगला लावा. "उद्या लावू" केलं तर सल्फेट कडक व्हायला लागतं आणि तुम्ही टेस्ट करून बॅटरी मारली असं होतं. १०६ एएच काढले तर आत परत सव्वाशेच्या आसपास घालावे लागतात, थोडं वाया जातं. आणि ही टेस्ट दर महिन्याला करायची हौस नको, वर्षातून एकदा, फार तर दोनदा. प्रत्येक खोल डिस्चार्ज बॅटरीच्या आयुष्यातून वजा होतो.

एवढा खटाटोप नको असेल तर

इन्व्हर्टर न सोडवता करता येतं, थोडं ढोबळ. इन्व्हर्टरचा मेन्सचा प्लग काढा, लोडवर दोन जुने सिलिंग फॅन फुल स्पीडवर, साधारण १५० वॅट. इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, ८५ टक्के पकडलं तर बॅटरीतून सुमारे १४.७ ॲम्पियर जातात, म्हणजे आपला तोच १५ चा लोड. बीएलडीसी, म्हणजे वीज वाचवणारे नवे पंखे असतील तर ते तीसेक वॅटच घेतात, त्यांच्यावर हिशोब करू नका. प्लगमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर मिळतो तो असेल तर अजून बरं. बॅटरीच्या खुंट्यांवर मीटर ठेवून १०.८ ला हाताने बंद करा, इन्व्हर्टरच्या कटऑफवर विसंबू नका, प्रत्येकाचा वेगळा असतो.

अजून एक झटपट गोष्ट, एक बल्ब लावून वोल्ट आणि करंट घ्या, मग तीन लावून घ्या. वोल्टमधल्या फरकाला करंटमधल्या फरकाने भागलं की बॅटरीचा आतला रोध येतो. हा आकडा एकट्याने काही सांगत नाही, पण बॅटरी नवी असताना लिहून ठेवला असेल आणि आता दुपटीच्या जवळ गेला असेल तर उतार लागला.

दुकानात हल्ली छोटं डिजिटल टेस्टर लावून पावती काढून देतात, त्यावर टक्के छापलेले असतात म्हणून लोक ते ब्रह्मवाक्य मानतात. ते यंत्र बॅटरीतून वीज किती सहज वाहते ते मोजतं, एएच मोजत नाही. गाडी स्टार्ट करायच्या बॅटरीला ठीक, कारण तिचं कामच क्षणभर प्रचंड करंट द्यायचं. सात तास सावकाश चालायच्या ट्युब्युलरला ती पावती म्हणजे मॅरेथॉनवाल्याची परीक्षा शंभर मीटरवर घेणं.

बाकीच्या बॅटऱ्या

कारची: रात्रभर उभी राहिलेल्या गाडीत सकाळी १२.६ च्या आसपास पाहिजेत. स्टार्टर मारताना कुणालातरी मीटर धरायला सांगा, ९.६ च्या खाली जायला नको. गेली, पण चार्ज करून परत बघितल्यावर ठीक आली, तर आधी अल्टरनेटर बघा, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत.

कॉम्प्युटर यूपीएसची १२ वोल्ट ७ एएच सीलबंद: तिथे हायड्रोमीटर चालत नाही, उघडायचा प्रयत्नही करू नका. ब्रेकलाईटचा २१ वॅटचा बल्ब लावा, पावणेदोन ॲम्पियर जातात, नवी असेल तर १०.५ ला यायला साधारण तीन तास घेते. तासाभरात आली तर बदला. पोट फुगलं असेल तर टेस्टच करू नका.

ई-रिक्षात चार बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, तिथे ४८ चा एकत्र आकडा बघून काही कळत नाही. रिक्षा चढावर चालू असताना दुसऱ्याने मागे बसून चारही वेगवेगळ्या मोजाव्यात, एक एकटीच आदळताना दिसेल. ती एक बदलून बाकी तीन जुन्या ठेवल्या तर नवीही त्यांच्याबरोबर लवकर म्हातारी होते, निदान साधारण त्याच वयाची शोधा.

मग बदलायची कधी

मोठ्या ठिकाणी, टेलिफोन एक्सचेंज, सबस्टेशन वगैरे, ८० टक्क्यांच्या खाली गेली की बॅटरी काढायची पद्धत आहे, कारण तिथून पुढे उतार जोरात लागतो. घराला इतकं कडक राहायची गरज नाही. ६० टक्के उरली आणि तुमची लाईट दोन तासांच्या वर जात नाही तर चालवा. ५० च्या खाली गेली, किंवा एका सेलने मान टाकली, तर पैसे जमवायला लागा, कारण आता पाणीही जास्त पिईल आणि बिलही वाढवेल. वॉरंटी शिल्लक असेल तर ही वही घेऊन जा, सेलनिहाय ग्रॅव्हिटी आणि तासागणिक वोल्ट समोर ठेवले की काउंटरवरचा माणूस "चार्ज करून बघतो, आठ दिवसांनी या" म्हणायच्या आधी जरा थांबतो, हा स्वानुभव आहे.

जुनी बॅटरी नवीनच्या बदल्यातच द्या आणि बिलावर तिची किंमत वेगळी लिहून घ्या. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी गोळा करून रिसायकलिंगला पाठवायची जबाबदारी कंपनीवर आहे. वजन कमी भरावं म्हणून किंवा उचलायला सोपी जावी म्हणून ॲसिड मोरीत ओतून द्यायला सांगणारे भेटतील, त्यात शिसं असतं, ओतू नका, प्लग लावून उभीच न्या.

मामांच्या बॅटरीवर आता सेलो टेपखाली एक कागद चिकटवलाय, तारीख, सहा ग्रॅव्हिटी, १२.४७, १०६ एएच. खाली मामींच्या अक्षरात, पुढची टेस्ट लाईट जाणार नाही त्या दिवशी.